शिंग वाजल्याशिवाय उतरायचं नाही

माझं माहेर कऱ्हाडजवळचं, नदीकाठचं, सासर पुण्याचं, आणि आता कुठं राहता विचाराल तर जर्मनीत, आखन शहराच्या पुढं, बसनं तासभर लागतो असलं एक डोंगरातलं गाव, चारी बाजूला रान. हसू नका, मलाच कधीकधी हसू येतं. आमचे हे पुण्यात मोटारीच्या सुट्या भागांच्या कारखान्यात होते, कंपनीनं दोन वर्षांसाठी म्हणून इकडं पाठवलं, ती दोन वर्षं अजून संपायची आहेत. मुलगी इथंच वाढली, मराठी सगळं कळतं तिला पण उत्तर देणार जर्मनमधनं, मी रागावले तरी जर्मनमधनंच, त्यामुळं मेलं भांडणातसुद्धा काही राम राहिला नाही.

मग घरात बसून करू काय, म्हणून गावातल्या पेन्शनमध्ये स्वयंपाकघरात लागले. पेन्शन म्हणजे आपल्याकडं सरकारी नोकरांना मिळते ती नव्हे, इथं उतरायच्या लहान जागेला म्हणतात पेन्शन, वर खोल्या, खाली जेवण. मालकीण फ्राउ हेल्गा, सत्तरी ओलांडलेल्या, काटक, आवाज खणखणीत. मी त्यांना बाई म्हणते, फ्राउ म्हणजे बाईच की, पहिल्या दिवशी तोंडातनं निघालं आणि तेच पडलं. माझं नाव नलिनी, तर त्या आपल्या नाली नाली करायच्या, शेवटी मी म्हणलं, बाई, पोतंभर बटाटे सोलायला सांगा पण नाली नका म्हणू, आमच्यात नाली म्हणजे गटार. पोट धरून हसल्या, आणि तिथनं पुढं नीट न-लि-नी, एकेक अक्षर मोजून मापून.

तर ह्या बाई शिकारीच्या मुख्य. होय, बाईमाणूस. इकडं रानडुकरं मक्याची, कुरणांची पार नासधूस करतात, म्हणून पानगळीच्या दिवसांत हाका घालून शिकार होते, सरकारी परवान्यानं, सगळं रीतसर. शिकारी मचाणावर बसतात, हाकारे भगव्या रंगाची जाकिटं घालून कुत्री घेऊन झाडीतनं ओरडत जातात, आणि जनावरं उठतात. बाहेरदेशचे पाहुणेसुद्धा येतात ह्यासाठी, डेन्मार्कचे, बेल्जियमचे, कुठनं कुठनं, हौस असते एकेकाला, पैसे मोजून थंडीत कुडकुडायची. आता परका माणूस, परकं रान, परकी भाषा, आणि हातात बंदूक, म्हणजे काय जोखीम असते बघा. पण बाईंची शिस्त म्हणजे काय सांगू तुम्हाला! शिकारीच्या सकाळी दारूचा थेंब नाही, मग तो कितीही मोठा साहेब असो. प्रत्येकाच्या खिशात चिठ्ठी, त्याच्या भाषेत आणि जर्मनमधनं, नाव, रक्तगट, घरी कुणाला कळवायचं ते. रानात ठिकठिकाणी ॲम्ब्युलन्ससाठी नंबराच्या पाट्या आहेत, तुझ्या मचाणाजवळची पाटी कुठली ते पाठ म्हणून दाखव. आणि पाहुणा नुसता यस यस म्हणाला तर त्यांना चालतच नाही. त्याला मचाणावर चढवतात, म्हणतात हातानं दाखव, कुठं मारायचं, कुठं नाही. ज्या बाजूला दुसरा माणूस बसलाय तिकडच्या झाडांना पट्ट्या बांधलेल्या, त्या बोटानं दाखवायच्या. नाकापासनं शेपटीपर्यंत आख्खं जनावर दिसल्याशिवाय बोट चापाला लावायचं नाही, हे प्रत्येकानं आपापल्या भाषेत मोठ्यानं म्हणायचं. आणि शेवटचं म्हणजे, शिंग वाजल्याशिवाय मचाणावरनं उतरायचं नाही. शिंग बाई स्वतः वाजवतात. ते वाजलं की बंदुका रिकाम्या, मग चिटपाखरू समोरनं गेलं तरी गोळी नाही.

मेलेल्या जनावरालासुद्धा मान देतात ही माणसं, ओळीनं निजवून प्रत्येकाच्या तोंडात ओकच्या झाडाची डहाळी ठेवतात, शेवटचा घास म्हणून. पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणलं, मारणारच आहात तर निदान असं तरी मारा.

हे सगळं मी माझ्या बहिणीला, शोभाला, फोनवर कौतुकानं सांगायची. शोभा माझ्या पाठची, नवऱ्याबरोबर अमेरिकेत, टेक्सासला. आमच्या दाजींना तिथं ऑफिसच्या मित्रांनी शिकारीचा नाद लावला, हरणं मारायला जातात. माझं ऐकून ऐकून दाजींनी घेतलं डोक्यात, म्हणले, ताईंच्या रानात यायचं. झालं, शोभाचा फोन. ताई, तिकडं ह्यांना रान ओळखीचं, सोबती ओळखीचे, तुझ्याकडं कोण कुठला बंदूक घेऊन शेजारी बसणार, ह्यांना जर्मन येत नाही, काही झालं तर मी हजारो मैलांवर. दवाखाना किती लांब, फोनला रेंज असते का, माणसं पितात का, नुसता भडिमार. मी एकेक प्रश्न बाईंना विचारून उत्तरं दिली. बाई चिडल्या नाहीत हो, उलट म्हणल्या, तुझी बहीण शहाणी आहे, सगळ्यांच्या बायकांनी असं विचारलं पाहिजे. शेवटी शोभा म्हणली, माझा माणूस तुझ्या हवाली करते, ताई, जसा पाठवला तसा परत दे. आता हे ऐकल्यावर झोप कशी लागायची?

दाजी आले. माणूस सोन्यासारखा, सहा फूट उंच, बोलणं गोड, फक्त एक खोड, कुणी काही सांगायला लागलं की मान हलवणार आणि ओके ओके, आय नो, आय नो. बाईंनी त्यांना पण मचाणावर चढवलं, पट्ट्या दाखवायला लावल्या, मराठीतनं म्हणवून घेतलं, नाकापासनं शेपटीपर्यंत, मी खाली उभी राहून हो बरोबर म्हणतात म्हणून सांगितलं. भगवं जाकीट बाईंनी स्वतः चेन ओढून घातलं, जसं काही बालवाडीत निघालेत. म्हणल्या, शिंग वाजेपर्यंत हे अंगावरच. दाजी म्हणले, ओके ओके.

सकाळी सगळे रानात गेले. मी स्वयंपाकघरात सुपाच्या भांड्यापाशी, कान रानाकडं. लांबनं कुत्री ऐकू येत होती, मधनंच एखादा बार. जेवणाच्या वेळेला शिंग वाजायचं, आणि मी अजून कांदाच परततेय तर शिंग वाजलं. मी म्हणलं वाजलं? एवढ्यात? परत वाजलं, परत वाजलं. अवेळी शिंग म्हणजे कुणाला तरी काहीतरी झालं. कोण, हे विचारायलासुद्धा जवळ कुणी नव्हतं. गॅस बंद केला, हात न पुसता अंगणात जाऊन उभी राहिले. सगळे देव आठवले, कुलदैवतापासनं गावच्या म्हसोबापर्यंत. डोळ्यापुढं एकच, शोभाला काय सांगू.

बाईंची जीप आली. पुढं बाई, मागं दाजी, धडधाकट, पण तोंड पांढरंफटक. त्यांच्या शेजारी डेन्मार्कहून आलेला एक पाहुणा, शाळामास्तर होता, तो दाराची कडी नुसती चाचपत राहिला. आणि दाजींच्या मांडीवर मी सकाळी भरून दिलेला डबा.

झालं होतं असं. दाजी मचाणावर बसले, थंडीनं गारठले. शोभानं बॅगेत शाल घातली होती, चांगली उबदार, तपकिरी. त्यांनी ती घेतली पांघरून, जाकिटाच्या वरनं. म्हणजे भगवं अंगावर होतं बरं का, नियम मोडला नाही, फक्त ते आत होतं आणि वर सगळं तपकिरी. आता आपल्यातला माणूस थंडी वाजली की वरनं शाल घेणारच, मुंजीत सुटावरनं घेतो, लग्नात घेतो, त्यात त्याला काही वाटतच नाही. बरं, एवढ्यावर भागलं असतं तरी बसल्या जागी धोका नव्हता. पण हाकाऱ्यांमधला एक म्हातारा त्यांच्या मचाणाखालनं गेला, धापा टाकत, मिशीवर बर्फ. दाजींनी नुकताच डबा उघडलेला, डब्यात माझे बेसनाचे लाडू. खाली म्हातारा माणूस उपाशी आणि आपण वर बसून एकट्यानं लाडू खायचा? दाजींचा जीवच राजी होईना. हाक मारली, कुत्र्यांच्या आवाजात त्याला ऐकू गेली नाही. तर ह्या भल्या माणसानं बंदूक वर रिकामी करून ठेवली, डबा घेतला आणि उतरले खाली, त्याच्या मागं झुडपात. काट्याकुट्यातनं वाकून, शाल पांघरून, एवढा थोरला तपकिरी देह.

शेजारच्या मचाणावरनं मास्तरांना काय दिसणार हो? झुडूप हलतंय आणि आत तपकिरी पाठ. त्यांनी बंदूक खांद्याला लावली होती. ते मला नंतर म्हणले, मी नाक शोधत होतो. सकाळीच म्हणून आलो होतो माझ्या भाषेत, नाकापासनं शेपटीपर्यंत, ते डोक्यात वाजत होतं, आणि नाक काही सापडेना. मग झुडपातनं एक हात वर आला, आणि हातात स्टीलचा डबा. मास्तरांनी बंदूक खाली केली आणि जे ओरडले ते हाकाऱ्यांबरोबर चाललेल्या बाईंनी ऐकलं, आणि काय झालं हे कळायच्या आधी त्यांनी शिंग तोंडाला लावलं. काय झालं ते मागनं विचारू, आधी सगळ्या बंदुका थांबू देत, ही त्यांची रीत.

मी मात्र दाजींवर तिथंच अंगणात तुटून पडले. धाकट्या बहिणीचा नवरा, एरवी एक शब्द वाकडा बोलत नाही, पण म्हणलं, अक्कल गहाण ठेवली होती का हो तुम्ही, लाडू काय पळून चालले होते? दाजी खाली मान घालून उभे. बाईंनी मला हातानं गप्प केलं. सगळे जमले तेव्हा त्यांनी आधी मास्तरांचा हात हातात घेतला, सगळ्यांसमोर म्हणल्या, आजची शिकार ह्यांनी केली, गोळी न मारता केली. मग दाजींना म्हणल्या, तुम्ही आज परत रानात जाणार नाही. पण चूक माझी पण आहे, मी जाकीट बघितलं, जाकिटावर माणूस काय चढवेल हे बघितलं नाही. एवढी मोठी बाई, चारचौघांत. कोण म्हणतं हो असं?

दुपारी स्वयंपाकघरात दाजी, बाई आणि मी, तिघंच. दाजी म्हणले, मी तर त्याला खायला द्यायला गेलो होतो. बाई म्हणल्या, माहितीये, म्हणून तर मी तुम्हाला ओरडत नाही. आणि मग त्यांनी जे सांगितलं ते इतक्या वर्षांत मला सांगितलं नव्हतं. त्यांचे यजमान असेच दुसऱ्या देशात शिकारीला गेले होते, पाहुणे म्हणून. तिथं ना कुणी मचाण दाखवलं, ना पट्ट्या, सकाळपासनं बाटल्या फिरत होत्या. संध्याकाळी इथं फोन वाजला. पलीकडचा माणूस त्याच्या भाषेत बोलत होता, घाईघाईनं, रडवेला होऊन, आणि बाईंना त्यातलं काही कळत नव्हतं. बाई म्हणल्या, मी नुसती आमच्या जर्मनमधनं या, या म्हणत राहिले. हो, हो. मला वाटलं गाडी उशिरा आहे असं काहीतरी सांगतोय. तो मला सांगत होता माझा नवरा गेला, आणि मी त्याला म्हणत होते हो, हो, बरं, थँक यू.

मी त्यांचा हात धरला. दाजी उठले आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिले, त्यांचे खांदे हलत होते. मग मी शोभाला फोन लावला. तिनं हॅलो म्हणायच्या आधी मी तो दाजींच्या हातात दिला, म्हणलं मी काही सांगत नाही, तुम्हीच बोला, आधी तुमचा आवाज ऐकू दे तिला.

बाईंनी पुढच्याच शिकारीपासनं नवीन नियम काढला. शिंग वाजलं, माणूस खाली उतरला, की बूट काढायच्या आधी, पहिला घोट घ्यायच्या आधी, त्यानं घरी फोन करायचा, आमच्या स्वयंपाकघरात उभं राहून, बाईंच्या समोर. मोठमोठे साहेबलोक चिखलाच्या बुटांनी माझ्या ओट्यापाशी रांग लावतात, मी फरशीकडं बघून शिव्या घालते मनातल्या मनात. बाई आता थकल्यात, गुडघे धरतात, चढावर काठी लागते, पण शिंग अजून त्याच वाजवतात, आणि देव करो, अजून पुष्कळ वर्षं वाजवोत, माझं आयुष्य पण लागो त्यांना. मी सूप ढवळत ऐकत असते. कुणी डॅनिश बोलतो, कुणी फ्रेंच, कुणी आणखी कसलं, मला त्यातलं अक्षर कळत नाही. पण प्रत्येकजण बायकोला, आईला, लेकीला एकच सांगत असतो, आणि ते मला कळतं. आलो गं. मी आलो.