जात्याईचा बोर्ड

—पहार ठेवा खाली आधी. ठेवा म्हणते ना. च्या टाकलाय, त्यो प्या, मग खणा कुठं खणायचं ते. सरपंचानं सांगितलं म्हणून लगेच खड्डा पाडायला निघालात, व्हय? दावा बघू काय रंगवून आणलंय — 'प्राचीन जात्याई देवी, आठशे वर्षांचं जागृत ठाणं'. आठशे? कुणी मोजली? सरपंचाला सोताच्या बापाचं जन्मसाल सांगता येत न्हाय, आन् दगडाचं वय सांगतोय.

बोर्डांचं कवतिक मला सांगू नका. ह्या माकणीच्या रस्त्याला लई बघितलेत. फाट्यावर 'ऐतिहासिक बारव' म्हणून बाण लावलाय — बाणामागं जावा, उसाचा फड लागतोय, बारव कवाच बुजवली. शाळंपुढं हुतात्म्यांचा खांब, रजाकाराच्या वक्ताला मेलेल्यांचा — झेंड्याच्या दिवशी धुत्यात, बाकी साल शेरडं अंग खाजवत्यात. आन् भूकंपाचा त्यो काळा दगड? बघितला असंल येताना. ज्यानं फीत कापली त्याचं नाव हातभर, मेलेल्यांची मुंगीएवढी. थू त्यांच्या जिंदगानीवर. आमी उन्हात उभं ऱ्हाऊन वाचली ती नावं. सासू सापडली, धाकटा दीर सापडला. एक न्हाय सापडलं.

कसं सापडंल? नावच न्हवतं. दगडासाठी नावं लिवून घेणारा सायेब म्हणला, बाई, नाव सांगा, लिवतो. काय सांगू? बारसं व्हायचं हुतं. गणपती बुडवून माणसं निजली, पहाटं घर बसलं. पाळणा आणून ठेवलेला, नणंद यायची हुती कानात नाव सांगाया. 'लक्ष्मीबाईची पोर' एवढंच लिवा म्हणलं, तर म्हणतोय तसं चालत न्हाय. जिवानं गेलेलं लेकरू चालतंय, बिननावाचं चालत न्हाय —

च्या प्या की. गार हुतोय.

तर मी काय म्हणत हुते — ह्यो जात्याईचा दगड आठशे-बिठशे वर्षांचा न्हाय. माझ्या घरचं जातं हाय. ढिगातनं वरचा दगड तेवढा धड निघाला, त्यो म्या इथं उभा केला, जागा चुकू नये म्हणून. गाव उठून पल्याड गेलं, म्या टपरी इथंच टाकली. आता उभा दगड दिसला की आपल्या माणसांचा हात थांबतोय व्हय? कुणी शेंदूर फासला, कुणी नारळ फोडला, जात्याची म्हणून जात्याई झाली. येड्यांचा बाजार निस्ता. मग आमच्या जुन्या शेजारणीला, महादेवीला, नात झाली, तिनं बारशाचं लेकरू आणून दगडाच्या पायाशी घातलं आन् पोरीचं नाव दगडालाबी सांगितलं, हळूच, कानात सांगावं तसं. तवापासनं समद्याच आणत्यात. म्या टपरीतनं ऐकते — आरोही म्हणं, भैरवी म्हणं, काय काय एकेक नावं. हसू येतंय मला. कवा कवा न्हायबी येत. पण खाली कोण हाय ते म्या एकीलाबी सांगितलं न्हाय. सांगितलं तर कोण आपलं लेकरू घालंल तिच्यापाशी?

असं बघू नका माझ्याकडं. तोंडातनं गेलं ते गेलं. गावात कुठं बोललात तर ह्या रस्त्यानं च्या मिळायचा न्हाय तुम्हास्नी.

बोर्ड त्या लिंबाखाली लावा, रस्त्याच्या पलीकडं. आन् त्यो आठशेचा आकडा खोडू नका, ऱ्हाऊ द्या. बारा दिसांचीबी न्हवती ती, आठशे वर्षांची झाली तर कुणाच्या बाचं काय जातंय. सरपंचानं विचारलं तर सांगा, खाली कातळ लागला, पहार चालंना.

कप द्या हिकडं. जावा आता.