हिराजीचा डबा आणि माझा काथ्या

मंडळी, बसा. मागे उभे आहेत त्यांनी त्या टायरांवर बसा. लाजू नका. आपल्या गॅरेजच्या दारात कोणी उभं राहिलेलं हिराजी मिस्त्रीला खपायचं नाही, हे तुम्हाला माहीत आहे.

कमळीवहिनी, मिस्त्रीच्या दोघी लेकी, जावई, कामणहून आलेली भाऊकी, चिंचोटी नाक्यावरचे सगळे ड्रायव्हर बंधू, आणि आमच्या नंदाखालहून माझ्याबरोबर आलेले वाडीवाले. मला बोलता येत नाही. मी पानवेलीचा माणूस. पानवेलीपुढे भाषण करावं लागत नाही, तिला वेळेवर पाणी दिलं की झालं. तरी आज मीच सांगितलं की मला बोलायचं आहे. घरी चार ओळी लिहून आणल्या होत्या. इथे मिस्त्रीचा हार घातलेला फोटो बघितला आणि कागद खिशातच राहिला.

पंधरा दिवस झाले. दुपारी जेवला, खाटेवर आडवा झाला, तो उठलाच नाही. जाताना कोणाला त्रास दिला नाही. गाड्या दुरुस्त करतानाही त्याने कोणाला त्रास दिला नाही. शिव्या दिल्या, ते वेगळं.

आत्ता माझ्या आधी बाबू ड्रायव्हर बोलला. छान बोलला. त्याने डब्याची गोष्ट सांगितली. मिस्त्रीने माझ्या पिकअपच्या इंजिनाला डबा बसवला, आणि भर नाक्यावर त्या डब्याने इंजिनातलं तेल कसं उडवलं, ती. तुम्ही सगळे हसलात. वहिनीसुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसलो. दहा-बारा वर्षं मी त्या गोष्टीला हसत आलो आहे. बाबू, तुझं काही चुकलं नाही. तू जे बघितलंस तेच सांगितलंस. पण ती गोष्ट खरी नाही. खरी गोष्ट दोघांनाच माहीत होती. त्यातला एक हा असा फोटोत जाऊन बसला. आता मी नाही सांगितली तर मिस्त्रीच्या नावावर ती चूक कायमची राहील. म्हणून उभा राहिलोय.

आणीबाणी उठली, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. मी जुनी पिकअप घेतली. वाडीतली पानं करंड्यांत भरायची, ताडपत्री बांधायची आणि हायवेने मुंबईला न्यायची. गाडी दिसायला देखणी, पण इंजिन थकलेलं. माझ्यासारखंच म्हणा. निळा धूर इतका, की मी शेजारच्या निर्मळ गावात असलो तरी घरी कळायचं, आलाच हा.

आता पान ही जात कशी, तुम्हाला सांगायला नको. शेजारच्याचा वास उचलते. तो धूर मागून वळून ताडपत्रीखाली शिरायचा. मुंबईच्या व्यापाऱ्याने एक करंडी उघडली, पान नाकाशी नेलं आणि मला विचारलं, "भाऊ, हे वेलीवरून काढलंत की गॅरेजमधून?" दुसऱ्या खेपेला तो हसला नाही. म्हणाला, पुन्हा असा वास आला तर इकडे येऊ नका.

मंडळी, आजोबांपासून आमचं पान तिथे जात होतं. नंदाखालचं पान म्हटलं की करंडी न उघडता घ्यायचे. ते सगळं माझ्या हातून बुडायला आलं होतं. मी सरळ इथे आलो आणि म्हणालो, मिस्त्री, गाडी विकतो.

मिस्त्री जेवायला बसला होता. मला म्हणाला, "बस. आधी पेज पिऊ दे."

कमळीवहिनी, तुम्ही त्याला कडीच्या ॲल्युमिनियमच्या डब्यातून गरम पेज द्यायचात. आठवतो तो डबा? आठवणारच. मिस्त्रीने त्याचं झाकण उघडलं आणि तसाच हातात धरून बसला. झाकणाच्या आतून पाण्याचे थेंब टपटपत होते. तो ते बघतोय आणि मी त्याला बघतोय. मला वाटलं, पेजेत माशी पडली.

मग म्हणाला, "भाऊ, तुझ्या इंजिनाचं पन असंच हाय."

त्याने मला समजावलं ते मी तुम्हाला सांगतो. ड्रायव्हर लोकांनी हसू नये. इंजिन म्हातारं झालं की त्याच्या पोटात तेलाची वाफ धरते. ती बाहेर सोडायला एक नळी असते, ब्रीदर. माझ्या गाडीत ती नळी एअर फिल्टरला जोडलेली. म्हणजे इंजिन स्वतःचीच ढेकर परत गिळत होतं. तेल जळत होतं, धूर होत होता. मिस्त्री म्हणाला, या वाफेला मधे एका थंड डब्यात फिरवून आणू. तेल डब्याच्या अंगाला लागून खाली बसेल, नुसती हवा पुढे जाईल.

मी म्हणालो, डबा कुठून आणायचा?

त्याने पेज संपवली. डबा डिझेलने धुतला. आणि वहिनी, तुमच्या त्या डब्याच्या झाकणाला दोन भोकं पाडली.

हसा, हसा. त्याच दिवसापासून वहिनी विचारत होत्या, माझा कडीचा डबा कुठे गेला? आणि मिस्त्री सांगत होता, ओढ्यात धुताना वाहून गेला. तर वहिनी, तो वाहून गेला नव्हता. तो रोज माझ्याबरोबर मुंबईला जात होता.

दोन भोकांत दोन नळ्या बसवल्या. आत भांडी घासायच्या तारेची एक घासणी ठेवली, सैल. तळाला पाण्याच्या पिंपाची बारीक तोटी. रेडिएटरच्या बाजूला, वारा लागेल असा पट्टीने घट्ट आवळला. मग बोनेट लावण्याआधी माझ्याकडे बोट केलं. ते बोट मला आत्तासुद्धा दिसतंय.

"भाऊ, आठ दिवसांनी तोटी उघडून काट काढायचा. आनि ह्याच्यात काय पन कोंबायचं नाय. हवेला वाट पायजे."

आठ दिवसांनी तोटी उघडली. वाटीभर काट निघाला, तेला-पाण्याचा गाळ, दुधाळ चहासारखा. तेवढं इंजिन पीत होतं! धूर निम्म्याहून कमी झाला. पुढच्या खेपेला व्यापाऱ्याने पान नाकाशी नेलं, माझ्याकडे बघितलं, आणि चुना लावून तोंडात टाकलं. मी रस्त्यातच मिस्त्रीसाठी पेढे घेतले.

गोष्ट नाक्यावर पसरली. विटांच्या गाड्यांचे एक मालक होते, त्यांच्या तीन गाड्या. त्यांनी निरोप पाठवला, मी येऊन बघतो, बरं वाटलं तर माझ्या तिन्ही गाड्यांना बसव. मिस्त्री किती खूश! दुसऱ्याचं बिघडलेलं दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला. स्वतःच्या डोक्यातून निघालेली ही पहिली वस्तू. त्याने गॅरेज झाडून घेतलं. मंडळी, हिराजीने गॅरेज झाडलेलं तुम्ही कधी बघितलंय?

आणि इथे माझी अक्कल आडवी आली.

मी डब्यातून पुढे जाणारी नळी काढून बघितली. आत बोट फिरवलं तर हलकंसं तेल लागलं. मला वाटलं, घासणी कमी पडतेय. आता आम्ही वाडीवाले काय करतो? पाटाच्या तोंडाशी काथ्याचा बोळा लावतो. कचरा अडतो, पाणी गाळून येतं. पिढ्यान् पिढ्या करतो. मी म्हटलं, पाण्याला चालतं ते वाफेला का नाही चालणार? अख्ख्या नारळाचं सोडण सोलून, चांगला धुऊन, वाळवून काथ्या केला आणि डब्यात ठासून भरला. वर झाकण दाबून बसवलं. मालक बघायला येणार, तर मिस्त्रीचं काम आणखी चोख दिसावं, असा माझा विचार. मिस्त्रीला विचारलं? नाही. पाटाचं मला कळतं, त्यात मिस्त्रीला काय विचारायचं!

काथ्या तेल प्याला, पाणी प्याला आणि फुगून बसला. हवेची वाट बंद.

त्या दिवशी मी ऐटीत गाडी आणून इथे उभी केली, तो बोर्ड आहे तिथे. मालक आले, पांढरंशुभ्र धोतर. नाक्यावरचे पाच-पन्नास लोक गोळा. मिस्त्री म्हणाला, "भाऊ, रेस दे." मी दिली. "अजून दे." मी अजून दिली. आणि फट्! तेल मोजायची पट्टी इंजिनातून उडाली, गॅरेजच्या पत्र्यावर आपटली, आणि तिच्यामागून तेल. मिस्त्रीच्या तोंडावर तेल, बाबूच्या नव्या शर्टावर तेल, आणि मालकांच्या धोतराचं काय झालं ते बाबूने मघाशी सांगितलंच आहे.

सगळा नाका हसला. मालक धोतर सावरत निघून गेले.

मिस्त्रीने तोंड पुसलं आणि डबा खोलला. मी शेजारीच उभा होतो. आतून तो काथ्याचा गोळा निघाला, काळा, गच्च भिजलेला. त्याने तो बघितला. मग मला बघितलं. आणि त्याने तो गोळा पुसायच्या चिंध्यांत गुंडाळला, बगलेत मारला, आणि लोकांकडे तोंड करून मोठ्याने म्हणाला, "नली बारीक पडली. माझीच चूक झाली."

मी काय केलं? मी चपलेकडे बघत उभा राहिलो. मला तोंड नव्हतं का? होतं. पण त्या पन्नास माणसांपुढे ते उघडलं नाही.

लोक गेल्यावर मी त्याला विचारलं, मिस्त्री, खरं का नाही सांगितलंस?

तो हात धूत होता. म्हणाला, "तू पान विकतोस. हा भाऊ आपल्या मनाचं काय पन भरतो, असं एकदा लोकांना कललं, तर तुझी करंडी कोन न उघडता घेईल? माझं काय? मला कितीही हसू दे. बंद पडलेली गाडी जाईल कुठं?"

आणि हसला. वर मलाच म्हणाला, "काथ्या चांगला होता पन. खाटेला लाव."

त्या दिवसापासून तुम्ही त्याला डबामिस्त्री म्हणायला लागलात. तोही ओ द्यायचा. त्या तीन गाड्या गेल्या त्या गेल्या. पुन्हा कोणी त्याच्याकडून डबा बसवून घेतला नाही. माझा मात्र त्याने तिथल्या तिथे धुऊन, नवी घासणी टाकून परत बसवला. तो गाडी भंगारात निघेपर्यंत चालला. एवढ्या वर्षांत माझी एक करंडी परत आली नाही. मी दर गणपतीत ठरवायचो, यंदा नाक्यावर सांगून टाकायचं. त्याच्या थोरल्या लेकीच्या लग्नात तर सांगायला उठलोही होतो. त्याने माझा सदरा ओढला आणि म्हणाला, "गप ऱ्हा. जेवून घे."

आता सदरा ओढायला तो नाही.

म्हणून सांगतो, मोठ्याने सांगतो. बाबू, नीट ऐक, आणि इथून पुढे गोष्ट अशीच सांग. डबा चांगला होता. मिस्त्रीचं काम चोख होतं. चूक नंदाखालच्या जयवंताची होती. हसायचं तर मला हसा. मी रोज हायवेने याच नाक्यावरून जातो.

वहिनी, ही पिशवी तुमच्यासाठी. गाडी भंगारात दिली त्या दिवशी हा मी काढून ठेवला होता. हा तुमचा कडीचा डबा. राखेने आणि चिंचेने तीनदा घासलाय. यात पेज काही नेता येणार नाही, झाकणाला दोन भोकं आहेत आणि तळाला तोटी. पण डबा तुमचा आहे, तो तुमच्याकडे पोचला पाहिजे. ओढ्यात वाहून गेलेला नाही, एवढं मिस्त्रीच्या वतीने मी कबूल करतो.

रडा वहिनी. रडून घ्या. आम्ही आहोत.

आता आपण सगळे उभे राहू आणि थोडा वेळ शांत राहू. त्याआधी, तो मागे टेम्पो कोणाचा सुरू आहे? बंद कर बाबा. चालू इंजिनापुढे मिस्त्री कोणाचं ऐकून घ्यायचा नाही. म्हणायचा, आधी बंद करा, मग सांगा काय झालंय.

झाला बंद? हं.

हिराजी, बंद केलंय सगळं. मला जे सांगायचं होतं ते मी सांगितलं.