केळीचा घड अन् नाल्यावरची तार

तुम्ही हसान, पण माह्या काकानं केळीचे घड तारेवरून नाल्यापार नेले होते बरं! जळगाव जामोदकडं बाग हाय त्याची. इकडं घड कापून झाले अन् नाल्याले पूर आला. काकू गाडी आणाले गेली होती, ते गाडीसंगच पलीकडं अडकली. माल पडून राह्यला असता तं जागीच पिकला असता.

मंग काकानं दोराले दगड बांधून पलीकडं फेकला. गाडीवाल्यानं त्या दोरानं तार ओढून घेतली अन् तिचं टोक तिकडच्या झाडाले बांधलं. इकडं काकानं तारेवर विहिरीची कप्पी चढवली, तिले दोर बांधून घड लटकवला. तिकडचा काठ उंच, म्हणून काकू दोर ओढे. घड मधात आला अन् ते थांबली.

काका ओरडला, "ओढ!"

पाण्याच्या आवाजात तिले ऐकू आलं, "सोड!" तिनं सोडला. घड सरसरत मागं आला अन् काकाले घेऊनच चिखलात पडला.

"काऊन सोडला वं?"

"तुम्हीच म्हणले ना! आता बोलू नका, नुसता दुपट्टा हलवा."

मंग दुपट्ट्याच्या खुणेवरच सारी गाडी भरली. संध्याकाळी पाणी उतरलं, काकू घरी आली अन् काकाच्या पाठीले तेल चोळाले बसली.

"लय लागलं का हो?"

"नाही वं, एकही केळं दबलं नाही."

"अहो, मी तुमच्या पाठीचं इचारून राह्यली!"