आतून कडी

चावीवाली: मावशी, आत्ता काय म्हणालात?

मावशी: कुठे काय? काहीच नाही.

चावीवाली: म्हणालात. मी कुलूप काढलं, दार ढकललं, आणि तुम्ही उंबऱ्यावरून विचारलंत, "येऊ का?" रिकामी खोली आहे. आत पालसुद्धा नाही.

मावशी: सवय आहे गं तोंडाला. आणि पाल आहे. ती बघ, खिडकीच्या वर.

चावीवाली: मग तिची हरकत नसेल तर या आत. पिशवी ठेवा खाली.

मावशी: राहू दे, खांद्यावरच बरी. खोली लहान आहे, नाही?

चावीवाली: मागे दाखवलेली मोठी होती, तर म्हणालात केर काढता काढता कंबर जाईल.

मावशी: तसं नाही. दादा-वहिनी आले तर झोपतील कुठे?

चावीवाली: तुमचे दादा दोन गल्ल्या सोडून राहतात. स्वतःची गादी टाकून इथे झोपायला कशाला येतील?

मावशी: आणि भाचा पोराबाळांना घेऊन आला तर?

चावीवाली: घर शोधताय एकटीसाठी, बघताय अख्ख्या वऱ्हाडासाठी. या शहरात मी एवढ्या लोकांना घरं लावून दिली, सगळे मला चावीवालीच म्हणतात. पण खुसपटं काढण्यात तुमचा हात धरणारं गिऱ्हाईक नाही पाहिलं.

मावशी: माझी कात्री परवडली, पण तुझी जीभ नको.

चावीवाली: त्या कात्रीनेच माझे सगळे ड्रेस बेतलेत म्हणून तर थांबलेय. नवीन लग्न झालेलं एक जोडपं या खोलीसाठी मागे लागलंय. मालकांना संध्याकाळपर्यंत थोपवून धरलंय मी. पुढे माझ्या हातात नाही.

मावशी: त्यांनाच देऊन टाक मग.

चावीवाली: देईन. पण एक सांगा. जायचंच नव्हतं तर माझ्याकडे आलात कशाला? घरी काही झालं का? वहिनी बोलल्या?

मावशी: छे. तिने एका शब्दाने कधी दुखवलं नाही. हे गेले तेव्हा दादा मला घेऊन आला. तेव्हापासून मी त्यांच्याकडेच. ती चांगली आहे हेच तर अवघड आहे गं. भांडखोर असती तर केव्हाच निघाले असते.

चावीवाली: मग अडतंय कुठे?

मावशी: माझं मशीन त्यांच्या बाहेरच्या खोलीत असतं. पाहुणे आले की मी आपणहून त्याच्यावर चादर टाकते. ती म्हणते, राहू द्या की. तरी टाकतेच. रात्री खोकला आला तर तोंडावर पदर धरून खोकते. कुणी सांगितलंय का? नाही. पण इतकी वर्षं धरतेय.

चावीवाली: दादांना सांगितलंत घर बघताय म्हणून?

मावशी: सांगितलं. हसला. म्हणाला, जा, हौस फिटली की ये परत. मशीन मात्र हलवू नकोस, आणायला-न्यायला उगाच त्रास. मायेनेच म्हणाला गं. पण मला रात्रभर झोप नाही. एकटं राहायची भीती नाही वाटत. जमलं नाही तर त्याच दारात परत जाऊन उभं राहायची वाटते.

चावीवाली: तुम्ही ड्रेस अंगावर घालून बघितल्याशिवाय गिऱ्हाईकाला सोडत नाही. हात वर करा, खाली बसून बघा, सगळं करायला लावता. माझीही तीच रीत आहे. मी बाहेर जाते. तुम्ही आतून कडी घाला.

मावशी: आणि आत करू काय?

चावीवाली: खोका. पदर न धरता.

मावशी: चावट आहेस मेली.

(मावशी आतून कडी घालते. चावीवाली बाहेर जिन्यात उभी राहते.)

चावीवाली: मावशी? आहात ना?

मावशी: आहे. मधे मधे बोलू नकोस.

चावीवाली: खोकलात का?

मावशी: खोकला येतोय कुठे आता. एक गाणं म्हणून बघितलं.

चावीवाली: ऐकलं. खोकला बरा.

मावशी: तुला कोणी दाराला कान लावायला सांगितलंय?

चावीवाली: बरं, नाही लावत. मघापासून आत सरपटतंय काय?

मावशी: टेप. भिंत मोजतेय.

चावीवाली: म्हणजे पिशवी उतरली खांद्यावरून.

मावशी: या खिडकीतून उजेड डावीकडून येतो गं. संध्याकाळीसुद्धा सुई ओवता येईल.

चावीवाली: मग मालकांना काय कळवू? जोडप्याला दुसरं घर दाखवू?

मावशी: चांगलं दाखव त्यांना. मोठं. पोरंबाळं होतील.

चावीवाली: दाखवते. उघडा आता, उभं राहून पाय दुखले.

मावशी: कोण आहे?

चावीवाली: कोण म्हणजे? मीच. चाव्यांचा अख्खा जुडगा हातात घेऊन बाहेर उभी आहे. येऊ का?

मावशी: थांब जरा. आधी मशीनची जागा ठरू दे.