जपानच्या म्हाताऱ्या

...नाय, तुम्हीच सांगा, दोन वर्षं युनिव्हर्सिटीत जपानी शिकलेल्या माणसाला जपानीत साधा 'पंप' म्हणता येऊ नये? दर शनिवारी पेणवरनं पहिली एसटी, आईने बांधून दिलेली भाकरी आणि सुका जवळा, वर्गात डबा उघडला की पुढची दोन बाकं रिकामी... ते जाऊ दे. पहिल्याच दिवशी बाई म्हणाल्या, "आपल्याकडे व्याकरण घोकायचं नाही हं. एक विषय घ्यायचा, तो जपानीत शिकायचा, भाषा आपोआप येते. विषयातून भाषा!" म्हटलं बरं झालं, व्याकरणाशी आपलं शाळेपासून वाकडं. पण विषय कुठला? तर जपानमधल्या म्हाताऱ्या माणसांचे प्रश्न. दोन वर्षं तेच! 'एकटेपणा' येतो, 'गुडघेदुखी' येते, 'मुलगा शहरात असतो' हे तर झोपेतही येतं, पण 'केवढ्याला दिलं?' येत नाय.

आणि तुम्हाला सांगतो, गेल्या साली, शहाण्णवात, रोह्याच्या एका कंपनीत जपानी मशिनं आली, त्यांच्याबरोबर ओगावासाहेब आले, दुभाष्या पाहिजे म्हणून मला बोलावणं. बाबा गेल्यापासून आमचं मिठागर बंद, म्हणजे ही नोकरी लागली तरच घर चालणार. मॅनेजर हैबतरावांनी मला थेट पंपाशी उभा केला, "विचार साहेबांना, हा गळतो का म्हणून." आता 'गळतो' कुठनं आणू? विषयातून भाषा! पोटात होतं ते काढलं. कमरेत वाकून विचारलं, "आपल्या मातोश्री एकट्याच राहतात का?"

साहेबांनी चष्मा काढला. इकडे पंप गळतोय, तिकडे साहेब रडतोय, आणि हैबतराव माझ्या कानाशी, "काय बोललास रे त्यांना? मशीन परत नेतील ना ते!" साहेबांची आई एक्क्याऐंशीची, डोंगरातल्या गावात एकटी. पाऊण तास बोलले, आणि मला शब्दन् शब्द कळला, परीक्षेत कधी कळला नव्हता इतका.

नोकरी? ती नम्रताला मिळाली, घरी बसून व्याकरण घोकलेली पोरगी ती. मला पॅकिंगमध्ये घेतलं, शिफ्टवर. रोह्यातच खोली केली. रविवारी सुट्टी, पण रविवारी साहेब गेस्टहाऊसवर बोलावतात, त्यांना आईबद्दल, तिच्या गुडघ्याबद्दल बोलायचं असतं. आणि दुसरं कोण ऐकणार? नम्रताला फक्त पंप येतो. मग पेणला जाणं राहतं.

परवा चार महिन्यांनी घरी गेलो. आई ओटीवर गुडघा चोळत बसलेली. म्हणाली, "काय रं निकेश, त्या जपानच्या म्हातारीचा गुडघा बरा हाय का?" म्हटलं, "हाय बरा."

ती परत गुडघा चोळायला लागली. तुझा कसा हाय, एवढंच विचारायचं होतं हो. जपानीत अख्खं वाक्य तयार होतं. विषयातून भाषा म्हणे... मराठीत आम्हाला हा विषयच नव्हता.