सात दिवसांचं मलम

—अगं बस, चपला राहू देत पायात. तुझी प्रयोगशाळा काही पळून जात नाही, आणि काचेच्या ताटलीत वाढवलेली ती कातडी — तिला का भूक लागलीय? लागते? बरं, पाचच मिनिटं. परवा जिन्यात सांगितलंस ना, ते परत — नको, मीच सांगते, बरोबर का बघ. त्वचेच्या पेशीत हार्मोनसाठी जागा असतात — रिसेप्टर — हार्मोन तिथे येऊन बसलं की पेशी कामाला लागते. हो ना? आणि अशा जागा किती ठेवायच्या ते पेशीच ठरवते. हार्मोन ऊठसूट यायला लागलं, की ती म्हणते, पुरे बाई — आणि नव्या जागा करणंच कमी करते. हसतेस काय? मी ऊठसूट तुझ्याकडे येते म्हणून? हस, हस.

तर हे मलम बघ. यातही तसलंच हार्मोन, तूच म्हणालीस. माझ्या कोपराला खाज होती, डॉक्टरांनी सात दिवस लावा म्हटलं. मी लावलं किती? सात महिने! आधी कोपर कसं लोण्यासारखं. मग गुण येईना, म्हणून दोनदा, मग चारदा. औषधवाल्याशी भांडले, म्हटलं भेसळ करता मेल्यांनो — आणि जागा उरल्या नव्हत्या माझ्याच कातडीत!

कोपराचं सोड गं, जुनं हाड ते. पण — नाही, पाणी नको मला. नातीच्या गालावर चट्टे आले होते ना, तिथे मी — बोटाच्या टोकाएवढंच — सून आंघोळीला गेली की. दोन दिवसांत गाल स्वच्छ. मनात म्हटलं, बघा, आजीचा हात! मग पुन्हा आले. मग रोज लावलं. दीड महिना झाला. सुनेने साबण बदलला, स्वतःचं निम्मं जेवण सोडलं — आपल्याच दुधातून बाळाला काहीतरी बाधतंय म्हणून रडते बिचारी — आणि मी तिची समजूत घालते. मी!

आज चारला डॉक्टरकडे न्यायचंय. ते विचारतील, काय काय लावलंत? ती म्हणेल, काही नाही. तिला खरंच तसं वाटतंय. तू सांगशील तिला? तुझं शास्त्राचं बोलणं, तुझ्या तोंडून ऐकलं तर — असं बघू नकोस गं.

बरं, बरं. दे ती ट्यूब इकडे, डॉक्टरांना दाखवायला लागेल. तू जा, तुला उशीर होतोय — जा म्हटलं ना. दार ओढून घे.

सूनबाई, बाळाला घेऊन जरा बाहेर ये.