परतीचा समोरचा वारा

सन्माननीय अध्यक्ष महाराज, व्यासपीठावरचे वरिष्ठ अधिकारी, समोर बसलेले वैमानिक, हवाईसुंदरी, तंत्रज्ञ आणि इतकी वर्षं घड्याळाकडे बघत बसलेल्या माझ्या सगळ्या मैत्रिणींनो,

आज निवृत्त होणाऱ्या कॅप्टनांची मी पत्नी. मला दोनच शब्द बोलायला सांगितलंय. ते दोन शब्द 'समोरचा वारा' असे आहेत.

हे वर्षानुवर्षं एकाच मार्गावर विमान नेत आले. अंतर सात हजार किलोमीटर. जाताना आठ तास, येताना साडेनऊ. मला सांगा, रस्ता तोच, विमान तेच, मग घरी येतानाच दीड तास जास्त कसा? हे म्हणायचे, "अगं, वरती वारा असतो. जाताना पाठीमागून ढकलतो, येताना समोरून अडवतो." म्हटलं, बरा बाई वारा, घराकडे तोंड केलं की आडवा येतो!

यांच्या सहवैमानिकाला विचारलं. "वहिनी, खरंच वारा असतो हो." तो यांचाच माणूस, दुसरं काय सांगणार? जाऊबाई म्हणाल्या, "अडीचशे प्रवासी घेऊन कुणी वाट वाकडी करतं का?" म्हटलं, तुम्ही तुमच्या भाऊजींना ओळखत नाही. दुसऱ्या रांगेतल्या मुलींनो, रागावू नका, पण तुमच्यावरही माझी नजर होती.

गेल्या वर्षी मी त्या दुसऱ्या टोकाच्या शहरात, बहिणीकडे गेले होते. परतीचं तिकीट यांना न सांगता यांच्याच विमानाचं काढलं. समोरच्या पडद्यावरच्या नकाशात डोळ्यांत तेल घालून बघत बसले. रेघ चांगली वाकडी! शेजारच्या गृहस्थांनी समजावलं, पृथ्वी गोल आहे म्हणून तशी दिसते. म्हटलं, हाही यांचाच माणूस दिसतो. पण विमान कुठेही उतरलं नाही. साडेनऊ तासच लागले. वारा खरा निघाला.

मला हायसं वाटलं. म्हटलं, आता गाडीपाशी गाठून यांना चकित करावं. पार्किंगमध्ये गेले, तर हे गाडीत बसलेले. शेजारी कुणी नाही, हातात फोन नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोरच्या भिंतीवर. आता निघतील, मग निघतील म्हणत मी खांबाआड उभी. चांगला तासभर! मग गाडी निघाली. मी टॅक्सीने मागोमाग घरी पोचले, दुसऱ्या विमानाने आले म्हणून सांगितलं. विचारलं, "उशीर झाला?" हे म्हणाले, "वारा फार होता."

मंडळी, गाडीत एखादी बाई असती तर मी कडाकडा भांडले असते. रिकाम्या सीटशी कसं भांडायचं? विमानतळापासून आमचं घर वीस मिनिटांवर. एवढंच अंतर यांना जड जात होतं का? माझ्यामुळे? वर्षभर हे विचारायची मला भीती वाटली. आजही वाटते.

उद्यापासून विमान नाही, तेव्हा वाऱ्याचं नावही नाही. अहो, आज घरी जाताना तुम्ही गाडी थांबवून बसलात तर खुशाल बसा. मी शेजारी बसेन. बोललात तर ऐकेन, नाही बोललात तरी उतरणार नाही.

आपण सर्वांनी यांना एवढा मान दिलात, मला बोलू दिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. घरातलं चारचौघांत बोलले, काही कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला. आणि अहो, मघापासून खिसे चाचपताय ते पुरे. गाडीची किल्ली माझ्या पर्समध्ये आहे.